खर्जाचा आवाज आणि ऑपेराची नोकरी : गोव्यातील नवोदितांसाठी मार्गदर्शन

फोंडा, डिचोली, पेडणे या भागांतील भजनी मंडळांतून आणि संगीत नाटकांच्या तालमींतून अधूनमधून असा एखादा मुलगा पुढे येतो, की ज्याचा आवाज लागताच पेटीवाले बुवा मान वर करून पाहतात. खर्ज सहज लागतो, आवाजाला घेर असतो, बोलतानाही तो भारदस्त वाटतो. अशा मुलाच्या कानावर पणजी-मडगावात कधीतरी पाश्चात्त्य अभिजात संगीत पडते आणि ऑपेरात, म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे गाण्यातून सादर होणाऱ्या पाश्चात्त्य संगीतनाटकात, 'बेस' नावाच्या पुरुषी, खोल आवाजाला स्वतंत्र भूमिका असतात हे त्याला कळते. या आवाजावर परदेशात पोट भरता येईल का, असा प्रश्न त्यानंतर त्याला पडतो. हा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्या पालकांसाठी आहे. ऑपेराची काहीच माहिती नाही असे धरूनच तो लिहिला आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पुढील प्रत्येक टप्प्यावर तिचा संबंध येणार आहे. बेस गायकाला त्याच्या सर्वांत खालच्या सुरासाठी कोणी नोकरीवर ठेवत नाही. खालचा सूर असावाच लागतो. पण निवड होते ती वरच्या पट्टीत आवाज न फाटता, न ओरडता, साठ-सत्तर वादकांच्या ऑर्केस्ट्रावरून ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो की नाही, यावर.

आवाज खरोखर बेस आहे का

ऑपेरातील बेसचा पल्ला साधारणपणे खालच्या 'ई' किंवा 'एफ'पासून दोन सप्तके वरच्या 'ई' किंवा 'एफ'पर्यंत धरतात. आपल्या भाषेत सांगायचे, तर काळी एक हा षड्ज धरणाऱ्या पुरुष गायकाला मंद्र सप्तकातील शुद्ध गंधारापासून तार सप्तकातील कोमल गंधारापर्यंत मजल मारता आली पाहिजे. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट' (1791) या ऑपेरातील धर्मगुरू सारास्त्रो याला लागणारा प्रसिद्ध खालचा 'एफ' म्हणजे हाच मंद्र गंधार. त्याच संगीतकाराच्या 1782 च्या ऑपेरातील ओस्मिन हा पहारेकरी तर आणखी तीन अर्धस्वर खाली उतरतो. हे सूर नुसते 'लागणे' पुरेसे नाही. माईकसमोर गुणगुणल्यासारखा लावलेला खर्ज मोठ्या सभागृहात चौथ्या रांगेपलीकडे ऐकू येत नाही.

वयाचाही विचार करावा लागतो. सर्व पुरुषी आवाजांत बेस सर्वांत उशिरा पिकतो. विशीच्या सुरुवातीला ज्याला बेस म्हटले जाते, तो पुढे बॅरिटोन, म्हणजे बेसपेक्षा थोडा उंच असा मधला पुरुषी आवाज, ठरणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणून अठरा-एकोणिसाव्या वर्षी 'मी बेस आहे' असे ठरवून आवाज मुद्दाम जाड, काळा करण्याचा प्रयत्न अजिबात करू नये. जीभ मागे ओढून, कंठ खाली दाबून आवाज खोल केल्याचा भास स्वतःला होतो, समोरच्याला मात्र आवाज कोंदटलेला ऐकू येतो, आणि ही सवय पुढे मोडायला वर्षे लागतात.

आवाजाचा खरा प्रकार ओळखण्यासाठी शिक्षक खालच्या सुरांपेक्षा आवाज 'वळतो' ती जागा पाहतात. बेसमध्ये ही जागा साधारणपणे मधल्या 'सी'च्या खालच्या 'ए'पासून त्याच्या वरच्या 'डी'पर्यंत असते. काळी एकच्या हिशेबाने मध्य सप्तकातील कोमल धैवतापासून तार सप्तकातील कोमल ऋषभापर्यंत. या पट्ट्यात स्वर थोडा गोल, झाकलेला करून वर न्यावा लागतो. आपल्याकडच्या मोकळ्या आकाराची सवय असलेल्या गायकाला हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. दोन-तीन वर्षांचा बहुतांश रियाज या चार-पाच सुरांवर खर्च झाला, तरी तो वाया गेला असे समजू नये.

ध्वनिवर्धकाशिवाय आवाज कसा पोहोचतो यामागे एक शास्त्रीय कारण आहे. ऑर्केस्ट्राची सर्वाधिक ऊर्जा 500 हर्ट्झच्या आसपास असते आणि त्यापुढे ती उतरत जाते. शिक्षित पुरुषी आवाजात मात्र 2,500 ते 3,000 हर्ट्झच्या सुमारास कंपनांचा एक गुच्छ तयार होतो, जो ऑर्केस्ट्राच्या भिंतीतून आरपार जातो. ऐकणाऱ्याला तो आवाजातील धार किंवा चकाकी म्हणून जाणवतो. म्हणजे बेसलाही खोलीबरोबर धार हवी. ध्वनिवर्धक येण्यापूर्वी संगीत नाटके गाजवणाऱ्या नटांच्या आवाजालाही धार असे, हे जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्यांना सांगायला नको.

गोव्यात राहून काय शिकून घ्यावे

गोव्यातील मुलाला महाराष्ट्रातील बहुतेक गावांच्या तुलनेत मोठी सवलत आहे. पणजीच्या कांपाल भागातील कला अकादमीत भारतीय संगीताबरोबर पाश्चात्त्य संगीताचाही विभाग आहे, गोवा विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतासाठी अँथनी गोन्साल्विस यांच्या नावाचे अध्यासन आहे, आणि चर्चच्या संगीतशाळांमुळे स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचू शकणारी माणसे गावोगाव सापडतात. हिंदू घरातील मुलाने कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, जावे की नाही याची चर्चा काही घरांत अजून होते; माझे मत असे की जावे, आणि लवकर जावे. कॉयरना बेसची नेहमीच टंचाई असते, त्यामुळे स्वागत होते, आणि चार आवाजांत आपला आवाज सुरात धरून ठेवण्याची, दुसऱ्याचे ऐकत गाण्याची सवय दुसरीकडे कुठे लागत नाही. बल्गेरियाचे बोरिस क्रिस्टॉफ (1914–1993) हे विसाव्या शतकातील थोर बेस गायक मुळात कायदा शिकलेले होते आणि सोफियातील एका कॉयरमध्ये गात असताना त्यांना इटलीला जाऊन शिकण्याची शिष्यवृत्ती मिळाली.

नोटेशन वाचनाला पर्याय नाही. ऐकून पाठ करण्याची आपली परंपरा स्मरणशक्तीसाठी उत्तम आहे. पण परदेशात सोमवारी हाती पडलेली भूमिका गुरुवारी तालमीत पाठ हवी असते, आणि तिथे ऐकवून घेणारे गुरुजी नसतात. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या दोन्ही ब्रिटिश मंडळांच्या परीक्षा गोव्यात देता येतात. एबीआरएसएमच्या सहाव्या ग्रेडपासून पुढच्या प्रात्यक्षिक परीक्षांना पाचव्या ग्रेडची थिअरी उत्तीर्ण असण्यासारखी पूर्वअट असते, तेव्हा थिअरी मागे ठेवू नये. पियानोही जुजबी का होईना, शिकावा. स्वतःची भूमिका स्वतः वाजवून बसवता आली, की शिकवणीचा मोठा खर्च वाचतो. घरात जुना अपराइट पियानो असेल, तर पावसाळ्यानंतर तो जुळवून घेतल्याशिवाय त्यावर सूर धरू नये. दमट हवेत तो सुरातून सरकतो. युरोपातील अनेक ऑर्केस्ट्रा 440 ऐवजी 442 किंवा 443 हर्ट्झला जुळवलेले असतात, त्यामुळे तिथे वरचा सूर किंचित उंच लागतो, हेही ध्यानात असू द्यावे.

उच्चारांच्या बाबतीत मराठी भाषकाला काही गोष्टी आयत्या मिळाल्या आहेत आणि त्यांचा लाभ कोणी सांगितल्याशिवाय घेतला जात नाही. इटालियन 'त' आणि 'द' दंत्य आहेत, आपल्या 'तळे' आणि 'दार'मधल्यासारखे. इंग्रजी माध्यमाच्या सवयीने तिथे 'ट' आणि 'ड' लावले, की परीक्षकांच्या कपाळावर आठी उमटते. इटालियनमध्ये जोडाक्षराने अर्थ बदलतो. 'पता' आणि 'पत्ता' यांत फरक करणाऱ्या आपल्या कानाला तो लगेच कळतो. जर्मन 'झेड' म्हणजे 'चांगला'मधला 'च', 'चहा'मधला नव्हे. अडचण येते ती जर्मनमधील ओठ गोल करून म्हणायच्या स्वरांची आणि रशियनमधील मृदू व्यंजनांची; त्यासाठी शिक्षकच हवा. बेसच्या बाबतीत इटालियन आणि जर्मन यांच्या खालोखाल रशियन येते, कारण मुसोर्गस्की आणि चायकोव्हस्की यांनी या आवाजासाठी जे लिहिले, ते इतरांनी क्वचितच लिहिले.

प्रत्यक्ष ऑपेरा पाहण्यासाठी मुंबईला जावे. एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ही 2006 साली स्थापन झालेली संस्था आहे, तिथे अधूनमधून संपूर्ण ऑपेरा रंगमंचावर येतात आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग पडद्यावरही दाखवले जातात. गिरगावचे रॉयल ऑपेरा हाऊस 2016 साली पुन्हा सुरू झाले आहे. कोकणकन्येने रात्री निघून सकाळी पोहोचता येते, त्यामुळे कारण सांगण्यासारखे काही उरत नाही.

परदेशी शिक्षण

पदवी भारतात पूर्ण करूनच जावे, ती कोणत्याही विषयाची असो, असा माझा आग्रह आहे. एक तर आवाजाला तेवढी वर्षे हवीच असतात; दुसरे, जे. एन. टाटा एन्डॉवमेंटची कर्जशिष्यवृत्ती किंवा जर्मनीतील डीएएडी संस्थेची संगीतासाठीची शिष्यवृत्ती यांसारखे मार्ग मुख्यतः पदवीधरांसाठी आहेत. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या व्याजमुक्त शैक्षणिक कर्जाच्या अटीही पालकांनी त्या-त्या वर्षी जाऊन पाहाव्यात.

देश निवडताना जर्मनीचा विचार आधी करावा. तिथे सार्वजनिक पैशांवर चालणारी आणि स्वतःचा ऑपेरा असलेली ऐंशीच्या आसपास नाट्यगृहे आहेत; इतके काम जगात दुसऱ्या कोणत्याही देशात एकवटलेले नाही. बहुतेक राज्यांतील सरकारी संगीत विद्यालयांत शिकवणी शुल्क नाममात्र आहे, मात्र बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रत्येक सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. व्हिसासाठी वर्षभराचा निर्वाहखर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये आगाऊ ठेवावा लागतो. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 युरो आहे. भारतीय विद्यार्थ्यांना सामान्यतः एपीएस (शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे) प्रमाणपत्रही लागते आणि ते हाती यायला वेळ लागतो. प्रवेश परीक्षेच्या तारखेवरून मागे मोजत निदान वर्षभर आधी ही कामे सुरू करावीत, आणि जर्मन भाषेची बी-1 ही मध्यम पातळी गोव्यात असतानाच गाठावी.

आशियातून जाऊन हे साधलेली माणसे आहेत. कोरियाचे क्वांगचुल यून 1994 पासून दहा वर्षे बर्लिनच्या स्टेट ऑपेराच्या कायम संचात होते आणि नंतर बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात राजे आणि साधुपुरुष गात राहिले. बीजिंगचे हाओ जियांग तियान अमेरिकेत शिकून 1991 साली मेट्रोपॉलिटन ऑपेरात दाखल झाले. भारतीय बेस गायकाने असे नाव केलेले नाही. मात्र मुंबईत जन्मलेल्या, गोव्याचे मूळ असलेल्या सोप्रानो (उंच स्त्री-आवाजाच्या गायिका) पॅट्रिशिया रोझारिओ यांनी लंडनमध्ये कारकीर्द घडवली आहे आणि त्यांनी भारतातील तरुण गायकांना शिकवण्याचे कामही हाती घेतले आहे. त्यांच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवावे.

ऑडिशनची वही

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नवोदितांची सर्वाधिक फसगत इथेच होते. प्रत्येक ऑडिशनसाठी निदान पाच आरिया (ऑपेरातील एकल गाणी) तयार ठेवाव्या लागतात, त्याही तीन किंवा अधिक भाषांतल्या आणि वेगवेगळ्या स्वभावांच्या. पहिली आरिया गायक निवडतो, दुसरी परीक्षक मागतात. अर्थात जी मागितली जाऊ नये अशी मनात इच्छा आहे, ती यादीत नसावी.

विशीतल्या बेसची वही पाहून परीक्षकांना त्याच्या शिक्षकाचा विवेकही कळतो. सारास्त्रोची एक आरिया ठेवावी. दुसऱ्या अंकातील 'ई' मेजर या पट्टीतली आरिया खाली 'एफ शार्प'पर्यंत आणि वर केवळ 'सी शार्प'पर्यंत जाते, म्हणून ती सोपी वाटते, प्रत्यक्षात मात्र प्रत्येक ओळ एका श्वासात, सरळ रेषेसारखी गाता येते का हे ती उघडे पाडते. रोसिनीच्या 'बार्बर ऑफ सेव्हिल'मधील (1816) डॉन बासिलियोची अफवेवरची आरिया हवी, कारण तिच्यात विनोद, शब्दफेक आणि हळूहळू चढत जाणारा आवाज या सगळ्यांची कसोटी लागते. मूळ 'डी' मेजरमध्ये ती 'एफ शार्प'पर्यंत चढते, पण बहुतेक बेस ती 'सी' मेजरमध्ये, म्हणजे 'ई'पर्यंत गातात आणि त्यात कमीपणा नाही. पुच्चिनीच्या 'ला बोहेम'मधील (1896) कॉलिनचा जुन्या कोटाला निरोप दोन मिनिटांत संपतो. तरुणाला तो शोभतो. चायकोव्हस्कीच्या 'येवगेनी ओनेगिन'मधील (1879) प्रिन्स ग्रेमिनची आरिया रशियनमध्ये बसवावी. व्हेर्दीच्या 'सिमोन बोकानेग्रा'तील फिएस्कोची आरिया शेवटी खालच्या 'एफ शार्प'वर स्थिरावते. शिक्षकांनी होकार दिला तरच ती पाचवी म्हणून घ्यावी.

'डॉन कार्लोस'मधील (1867) राजा फिलिपची रात्रीची आरिया बेस संगीताचे शिखर मानली जाते आणि म्हणूनच प्रत्येकाला ती गावीशी वाटते. पंचविशीत ती ऑडिशनला आणू नये. म्हातारा, झोप उडालेला राजा पंचविशीच्या मुलाने गायला, तर सूर सगळे लागूनही ऐकणाऱ्याला पटत नाही. फेरुच्चो फुर्लानेत्तो हे इटालियन बेस (जन्म 1949) ही भूमिका सत्तरी गाठल्यावरही गात होते, यावरून या आवाजाला किती मुदत मिळते याची कल्पना यावी. ती शिकावी अवश्य, पण घरी.

आता वहीविषयी. साथीचा पियानोवादक तुम्हाला पहिल्यांदाच पाहत असतो आणि त्याच्याशी बोलायला अर्धे मिनिट मिळते. झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढून, भोके पाडून, सपाट उघडणाऱ्या फायलीत लावावेत. दिव्याखाली चकाकणारे प्लास्टिकचे कव्हर घालू नये. झेरॉक्स काढताना पानाच्या तळाची, डाव्या हाताची ओळ कापली जाते, आणि मग वादक बिचारा अंदाजाने वाजवतो व लय डगमगली की गायकाच्या तोंडावर घाम येतो. तेव्हा दुकानातून निघण्यापूर्वी प्रत्येक पानाचा तळ पाहून घ्यावा. जिथे काही ओळी गाळायच्या आहेत, तिथे पेन्सिलीने ठळक खूण करावी. लय टाळ्या किंवा चुटक्या वाजवून दाखवू नये, ते उद्धट समजले जाते. पहिल्या दोन ओळी हळू गुणगुणून दाखवाव्यात. मध्येच थांबवून 'धन्यवाद' म्हटले, तर त्याचा अर्थ नकार असाच होतो असे नाही; पुष्कळदा त्यांना हवे ते ऐकून झालेले असते.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. ऑपेरालिया (1993 पासून), जर्मनीतील नॉय श्टिमेन (1987 पासून) आणि बार्सिलोनाची फ्रान्सिस्को व्हिनियास (1963 पासून) या मोठ्या स्पर्धा आहेत. परीक्षकांच्या खुर्च्यांवर ऑपेरा हाऊसचे संचालक बसलेले असतात, म्हणून उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले तरी काम मिळू शकते. वयोमर्यादा तिशीच्या थोडे इकडेतिकडे असते आणि उशिरा पिकणाऱ्या बेसवर ती अन्यायच करते. पण नियम तो नियम.

पहिली नोकरी

शिक्षणानंतर एक-दोन वर्षे एखाद्या ऑपेरा स्टुडिओत, म्हणजे ऑपेरा हाऊसच्या नवोदितांसाठीच्या उपक्रमात, काढणे उत्तम. लंडन, म्युनिक, झ्युरिक, मिलान, पॅरिस येथील मोठ्या ऑपेरा हाऊसचे असे उपक्रम आहेत, तसेच लहान जर्मन शहरांतही आहेत. तिथे पगार मिळतो, छोट्या भूमिका मिळतात, आणि मोठ्या गायकाच्या भूमिकेची पर्यायी तयारी करून ठेवण्याची जबाबदारी मिळते. बेसची सुरुवात 'ला त्राव्हियाता'तील डॉक्टर ग्रेनव्हिल, 'तोस्का'तील तुरुंगाधिकारी, 'कार्मेन'मधील झुनिगा अशा मोजक्या ओळींच्या माणसांपासून होते. या भूमिका हलक्या समजू नयेत. डॉक्टर ग्रेनव्हिल शेवटच्या अंकात नायिका मरणार असल्याचे एका वाक्यात सांगतो, आणि ते वाक्य संपूर्ण सभागृहाला ऐकू गेले पाहिजे.

जर्मनीतील कायम संचाच्या नोकरीत मासिक पगार, आरोग्य विमा आणि वर्षभरात सहा-आठ वेगवेगळ्या भूमिका मिळतात. तिथे आवाजांचे कप्पे ठरलेले असतात: राजे आणि पुरोहित गाणारा गंभीर बेस वेगळा, आणि विनोदी, चपळ भूमिका करणारा बेस वेगळा. करारात आपला कप्पा कोणता लिहिला आहे ते सही करण्यापूर्वी पाहावे, कारण पुढे कोणती भूमिका नाकारता येईल हे त्यावर ठरते. सरकारी रोजगार खात्याची कलाकारांसाठीची शाखा, झेडएव्ही, नवोदितांची ऑडिशन घेऊन त्यांना नाट्यगृहांपर्यंत पोहोचवते आणि गायकाकडून त्याचे पैसे घेत नाही. खाजगी एजंट गाठण्यापूर्वी हे दार ठोठवावे. नोंदणीसाठी आगाऊ मोठी रक्कम मागणारा एजंट टाळावा. खरा एजंट मिळवून दिलेल्या कामाच्या मानधनातून टक्केवारी घेतो.

या नोकरीतील एक तारीख पाठ असावी. पुढील हंगामासाठी करार वाढवणार नसतील, तर नाट्यगृहाला ते सामान्यतः 31 ऑक्टोबरपर्यंत लेखी कळवावे लागते. नवा व्यवस्थापक आला की संच बदलतो, त्यात गायकाचा दोष असतोच असे नाही. म्हणून नोकरी पक्की वाटत असतानाही शरद ऋतूत एक-दोन ऑडिशन देत राहण्याचा तिथला रिवाज आहे.

कागदपत्रे आणि पैसा

शेंगेन, म्हणजे बहुतेक युरोपीय देशांत चालणाऱ्या अल्पकालीन, व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येते आणि त्यावर ऑडिशनला जाणे शक्य असले तरी नोकरी करता येत नाही. करार हाती आल्यावर राष्ट्रीय व्हिसा वेगळा घ्यावा लागतो. अमेरिकेसाठी ओ-1 या, विशेष गुणवत्तेच्या व्यक्तींसाठीच्या, व्हिसाचा अर्ज गायकाला स्वतःच्या नावाने करता येत नाही, तो तेथील नियोक्त्याने किंवा एजंटने करायचा असतो.

गोव्यात या संदर्भात पोर्तुगीज पासपोर्टचा विषय निघतोच. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग खुला राहिला आहे, आणि ते मिळाल्यास युरोपीय संघात कुठेही काम करता येते. गायकाच्या दृष्टीने हा फायदा फार मोठा आहे. आजारी गायकाच्या जागी उद्या संध्याकाळी येणार का, अशा दूरध्वनीला तो लगेच होकार देऊ शकतो. पण भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. परकीय नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व, मतदानाचा हक्क आणि भारतीय पासपोर्ट जातो, आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचे) कार्ड घेतले तरी शेतजमीन विकत घेता येत नाही. वकिलाशी बोलून, घरच्यांना विचारून, आणि करार मिळण्याची खरी शक्यता दिसू लागल्यावरच हे पाऊल उचलावे; केवळ स्वप्नापायी उचलू नये.

पाहुणा गायक म्हणून काम सुरू झाले, की हिशेब बदलतो. मानधन प्रयोगागणिक मिळते. चार ते सहा आठवड्यांच्या तालमींचे वेगळे पैसे अनेक ठिकाणी मिळत नाहीत आणि त्या काळातील घरभाडे गायकाच्याच खिशातून जाते. पहिल्या प्रयोगाआधी आजारी पडल्यास काय मिळेल, याचे कलम करारात शोधून वाचावे. जर्मनीत निवासी नसलेल्या कलाकाराच्या मानधनातून 15 टक्के कर आणि त्यावर 5.5 टक्के अधिभार, मिळून 15.825 टक्के, आधीच कापला जातो. कपातीचे प्रमाणपत्र नाट्यगृहाकडून त्याच महिन्यात मागून घ्यावे. भारतात विवरणपत्र भरताना दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराखाली सवलत मिळवण्यासाठी तेच लागते, आणि हंगाम संपल्यावर नाट्यगृहे सहा आठवडे बंद असतात, तेव्हा दूरध्वनी उचलायलाही कोणी नसते.